प्रयोगार्थी व.

कालमापकाच्या तबकडीवर सेकंदाचे दहा भाग आखलेले असतात. दोन रेघांच्या मधली जागा कोरी असते. काटा तिथे थांबला तर शेवटचा आकडा डोळ्यानेच ठरवायचा.

*

बाळ — (उत्तर नाही). ४.७०
विहीर — पाणी. ३.८५
दोर — (उत्तर नाही). ५.१५
दार — खिडकी. १.४०

*

मुलुंडच्या एका मुलींच्या शाळेच्या कमिटीने एप्रिल १९५६ मध्ये मुख्याध्यापिकेला पत्र पाठवलं. 'लवकरच प्रसिद्ध होणाऱ्या एका ग्रंथात आपला उल्लेख असल्याचे समजते. तो कोणत्या संदर्भात आहे, याचा खुलासा करावा.'

*

पावसाची नोंद घेणारे सहा जण एकाच नळीकडे बघतात आणि सहा आकडे सांगतात. वेधशाळेत याला चूक म्हणत नाहीत. सवय म्हणतात.

*

विलेपार्ल्यात, कै. प्रा. श्यामकांत रेगे यांच्या अभ्यासिकेतलं कपाट शनिवारी सकाळी उघडलं, तेव्हा एका वहीची जागा रिकामी होती. शेजारच्या वह्या मात्र कललेल्या नव्हत्या. त्या सरळ उभ्या राहाव्यात म्हणून कुणीतरी मध्ये औषधाच्या बाटलीचं रिकामं खोकं बसवलं होतं.

कपाट — कुलूप. १.४३

"पोलीस नकोत, काका," विद्याधर टिपणीस म्हणाला. "बाईंनी वही मुकाट्याने परत केली की मी काही बोलणार नाही."

"कुठल्या बाईंनी?"

"वनमाला सामंत. दुसरं कोण नेणार?"

अनंत दिघे कपाटासमोर उभे होते. एकतीस वर्षं वेधशाळेत आकडे वाचून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि रेग्यांच्या समोरच्या घरात राहत होते. गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक त्यांना बोलावत, कारण ते कमी बोलत आणि कुणाच्या घरातलं कुणाला सांगत नसत.

"आधीपासून सांग," ते म्हणाले.

विद्याधरने सांगितलं. रेगेसर जानेवारीत गेले. विद्याधर त्यांचा शेवटच्या काळातला विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक. सरांच्या स्मृतिग्रंथाचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यातलं मुख्य प्रकरण त्याचं स्वतःचं: आपल्याकडच्या मानसशास्त्राचा इतिहास. त्या इतिहासाच्या मध्यभागी सरांचा १९३१ सालचा निबंध होता. समोरच्याला एक शब्द दाखवायचा, त्याने मनात येईल तो दुसरा शब्द बोलायचा आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. साध्या शब्दाला दीड सेकंद. जिथे मन अडतं तिथे जास्त. निबंधातली प्रयोगार्थी, म्हणजे जिच्यावर प्रयोग झाला ती, फक्त 'व.' म्हणून दिली होती. वीस वर्षांची कुमारिका. 'बाळ', 'विहीर' आणि 'दोर' या तीन शब्दांना ती चार-चार, पाच-पाच सेकंद अडली होती.

"आणि त्यावरून लोकांनी काय काढलं?"

"कुमारिका, बाळ, विहीर. जे निघतं ते. लोकांचं सोडा हो. शास्त्राच्या दृष्टीने बघा. व्हिएन्नाच्या मनोविश्लेषणवाल्यांच्या इतिहासात एक रोगी बाई आहे, पॅरिसवाल्यांच्या इतिहासात एक आहे. तिच्यापासून सगळं सुरू होतं. आपल्याकडे ही व. आहे. पंचवीस वर्षं नुसतं अक्षर! मी पहिल्यांदा नाव देतोय. मानाने देतोय."

"तिला विचारलंस?"

"पत्र पाठवलं. उत्तर आलं, 'माझं नाव घालू नये.' एका ओळीचं. आणि पंधरा दिवसांत मूळ वही गायब. वाट लागली ना माझी! मंगळवारी त्या पानांचा फर्मा छपाईच्या मशीनवर चढणार. आकडे मी उतरवून घेतलेत, पण मूळ वहीच्या पानाचा फोटो हवा होता."

"आकडे उतरवलेस. तारखा?"

"तारखा कशाला? जागा किती खाल्ली असती. बैठकांना क्रमांक दिलेत, एक ते चाळीस." त्याने प्रुफाच्या लांब पट्ट्या दिघ्यांच्या हातात दिल्या. "हे बघा, नाव इथे येतंय."

दिघ्यांनी नाव पाहिलं नाही. ते त्याखालचे आकडे बघत होते.

घर — चूल. १.५७

सरांच्या पत्नी रत्नप्रभाबाई रेगे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ताक घुसळत होत्या.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते, वहिनी?"

"एक विद्याधरकडे. एक माझ्याकडे, धूळ झटकायला."

"वनमालाबाई आल्या होत्या?"

"बाराव्याला आली होती. अभ्यासिकेत जाऊन उभी राहिली. एकटीच." रवी थांबली नाही. "मी कुणावर आळ घेत नाही हो. पण आली होती."

"वही कसली होती, तुम्हाला ठाऊक आहे?"

"मला काय कळणार त्यातलं? इंग्रजीतली वही. शब्द तेवढे मराठी." मग त्या म्हणाल्या, "ताक घेणार?"

दिघ्यांनी ताक घेतलं. बाहेर पडताना त्यांनी विद्याधरला विचारलं, सर घरात कुणाला प्रयोगाच्या वह्या दाखवत का?

"घरात? काका, वहिनींना सर काय शिकवतात हेही धड माहीत नव्हतं. ते घरी त्या विषयावर एक अक्षर बोलायचे नाहीत."

आकडा — सवय. १.६७

त्या दुपारी दिघ्यांनी प्रुफांवर पेन्सिल चालवली. त्यांना त्यातलं मानसशास्त्र कळत नव्हतं, पण प्रत्येक आकड्याचं शेवटचं घर कळत होतं.

पहिल्या वीस बैठका, पाचशे वाचनं. शेवटचा आकडा बहुतेक ठिकाणी तीन नाहीतर सात. शून्य आणि पाच मिळून फक्त एकोणीस. हा माणूस नीटनेटका. पाच लिहिला तर आपण अंदाज ठोकला असं त्याला वाटतं, म्हणून तो पाचाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे जातो. असा एक माणूस दिघ्यांनी वेधशाळेत बावीस वर्षं शेजारी पाहिला होता.

एकविसाव्या बैठकीपासून चौतिसाव्यापर्यंत साडेतीनशे वाचनं. त्यांतली दोनशे एक्याण्णव शून्यावर नाहीतर पाचावर संपत होती.

माणूस दुःखी झाला, थकला, आजारी पडला तर त्याची सवय बदलते का? दिघ्यांनी स्वतःलाच विचारलं आणि पुढची पानं पाहिली. पस्तिसावी बैठक: तीन, सात, सात, तीन. चाळिसाव्यापर्यंत तसंच.

म्हणजे चौदा बैठकांपुरता काट्यासमोर दुसराच कुणीतरी होता. आणि 'बाळ', 'विहीर', 'दोर' हे शब्द फक्त त्या चौदा बैठकांतच होते.

निबंधात प्रयोगाची मांडणी दिली होती. खोलीत दोनच जागा. एक काट्यासमोर, तिथूनच शब्दाची पाटी सरकवायची. दुसरी पडद्यामागची खुर्ची.

शाळा — घंटा. २.१८

मुलुंडच्या शाळेतल्या आपल्या खोलीत मुख्याध्यापिका वनमालाबाई सामंत पेपर तपासत होत्या. शेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या, बारीक, टेबलावर सगळं काटकोनात लावलेलं. दिघ्यांनी पिशवीतून पर्जन्यमापकाची काचेची नळी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय? वही शोधायला आलात ना? कपाट उघडू?"

"नको. वही तुमच्याकडे नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे म्हणणारे तुम्ही पहिलेच. कशावरून म्हणता?"

"वहीत तारखा आहेत. त्या दिवसांत खुर्चीत तुम्ही नसाल, तर तारखाच ते दाखवतील. तुम्ही ती लपवाल कशाला?"

बाईंनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी खुर्चीत बसले होते, दिघेसाहेब. नाही म्हणत नाही. नुकतीच बी. ए. झाले होते, त्या प्रयोगशाळेत मी एकटीच मुलगी. पाटीवर 'दार' यायचं, मी 'खिडकी' म्हणायचे. वीसेक वेळा बसले असेन. पण बाळ नि विहीर मला कुणी दाखवलंच नाही."

"सरांना सांगितलंत?"

"निबंध छापून आला त्याच आठवड्यात. सर म्हणाले, 'तू विसरलीस, वनमाला. अशा गोष्टी मन विसरतंच. शास्त्रात त्याला नाव आहे.'" त्या हसल्या, पण आवाज झाला नाही. "यावर काय बोलाल तुम्ही? आठवतंय म्हटलं तर कबुली. आठवत नाही म्हटलं तर ती त्याहून मोठी कबुली. माझं ठरलेलं लग्न मोडलं. आईने मला एकदा, एकदाच, विचारलं, 'कोण होता तो?' पुढे पुढे रात्री जाग आली की मीच स्वतःला विचारायचे, असेल का काही? मी खरंच विसरले असेन का?"

"आणि आता?"

"आता कमिटी विचारतेय. खुलासा करा म्हणे. पंचवीस वर्षं अक्षर होते, तेव्हा निदान नाकारायची सोय होती. त्या टिपणीसांना माझा मान करायचाय! त्यांनी माझ्या मनावर अकरा पानं लिहिलीयत म्हणे. मला एकदा भेटलेसुद्धा नाहीत." त्यांनी नळीकडे बोट केलं. "याचं काय करायचं?"

"मी पाणी ओततो. तुम्ही वाचा. दोन रेघांच्या मध्ये असेल तर अंदाजाने."

त्यांनी तीस वेळा वाचलं. दोन, आठ, चार, आठ, सहा, दोन. सम आकड्यांची बाई. शून्य दोनदाच आला, पाच एकदाही नाही.

"पास झाले?" त्यांनी विचारलं.

"काट्यासमोर तुम्ही नव्हतात," दिघे म्हणाले. "आणि खुर्चीत कोण होतं, ते आता फक्त तेव्हा काटा वाचणाऱ्यालाच माहीत आहे."

काटा — डोळा. १.५०

गुणाजी त्या काळी रेग्यांच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. आता घाटकोपरला मुलाकडे राहत होता. मुलगा कामावर गेलेला, सून नळावर. नळी पाहून म्हातारा चिडला.

"ह्यो काय पोरखेळ, सायबानू? माझो डोळो तपासतास?"

"डोळाच तपासतोय. वाचा."

"साडेतीन."

"नीट बघा. साडेतीनच?"

"साडेतीन म्हंजे साडेतीन! आता... ह्यो चार. बरोबर चार. ह्यो साडेचार."

तीस वेळा. शून्य आणि पाच, पाच आणि शून्य. दिघ्यांनी पाणी ओतून टाकलं आणि नळी पुसून पिशवीत ठेवली.

"गुणाजी, चौदा दिवस काटा तुम्ही वाचत होतात."

म्हातारा उठून सून येत नाही ना, ते बघून आला.

"सर खोलीत होते का?"

"होते."

"मग कुठे बसले होते?"

बाहेर नळावर दोन बायकांचं भांडण लागलं होतं. गुणाजी ते संपेपर्यंत थांबला. नंतरही थांबला.

"पडद्याच्या मागे," तो म्हणाला.

खुर्ची — (उत्तर नाही). ५.३५

"सर म्हणाले, गुणाजी, उद्यापासून तू काटो बघ, मी बसतंय. शब्द तेंनीच लिवून दिल्यानी. मी पाटी सरकवी. बाळ म्हटला काय पडद्यामागून आवाज येय नाय. मी काट्याकडे बघित रवायचंय. काटो फिरता, फिरता, फिरता. माका वाटा, माणूस गेलो काय?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग बाहेर येत आणि वहीत आकडे आपल्या हातान लिवीत. मी सांगी, ते लिवीत."

"आणि वर नाव कुणाचं?"

"रकानो कोरो ठेवल्यानी. दोन वर्सांनी, छापूक देताना, बाईचा अक्षर घातल्यानी. मी इचारलंय, सर, ह्या बाईचा नाय. तर म्हणाले, 'गुणाजी, एक अक्षर आहे. अक्षरावरून कोण ओळखतो?'"

"प्रयोगशाळेत मुलगी एकच होती."

"ता तेंका सुचला नाय. शिकलेल्या माणसाक सुचूक नाय, माका सुचला." तो मान खाली घालून बसला. "पण मी शिपाई. कोणाक सांगतलंय असतंय? पुढे बाईचा लगीन मोडला. तेव्हा तरी सांगूक होया होता. नाय सांगलंय. ह्यो गुन्हो माझो."

"कधीच कुणाला नाही सांगितलंत?"

"एकदा. औंदा. तेंच्या बाराव्याक."

"कुणाला?"

पण दिघ्यांना उत्तर ठाऊक होतं. वनमालाबाईंना वही सापडायला हवी होती. विद्याधरला ती छापायला हवी होती. गुणाजीला ती सत्तावीस वर्षांत कधी लागली नव्हती. वही नेली ती अशा माणसाने, ज्याला तिच्यात काय आहे ते नुकतंच कळलं होतं. ज्याने कपाटातल्या उरलेल्या वह्या पडू नयेत म्हणून काळजी घेतली. आणि ज्याला, त्यातलं काही कळत नाही म्हणतानाही, आतले शब्द मराठी आहेत हे माहीत होतं.

विहीर — कठडा. ३.९५

रत्नप्रभाबाईंनी नाही म्हटलं नाही. धान्याच्या डब्यांमागून वही काढली आणि पाटावर ठेवली. पिवळ्या फडक्यात बांधलेली होती.

"त्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी होतो," त्या म्हणाल्या. "विहिरीला कठडा नव्हता. मी नदीवर धुणं घेऊन गेले होते. मूल ह्यांच्या हवाली होतं आणि हे वाचत बसले होते. दोन वर्षांचा होता. गड्याने दोर सोडून वर काढला."

दिघे खाली बसले.

"हे रडले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. त्याचं नाव घेतलं नाही. मी घेतलं तर उठून जायचे. पुढे दुसरं मूल झालं नाही. सत्तावीस वर्षं मी मनात धरून होते, की ह्या माणसाला काही वाटलंच नाही." त्यांनी फडकं सोडलं. "मग बाराव्याला गुणाजी आला नि त्याने सांगितलं. मी मराठी शब्द शोधून काढला. बाळ. त्याच्यापुढे आकडे. आकडे मला कळतात हो. चार, आणि पुढे सत्तर. चौदा वेळा लिहिलंय. चौदा वेळा हे गप्प बसले. तेवढंच आहे माझ्याकडे. तेवढंच ते रडले."

"वहिनी, त्या आकड्यांवर दुसऱ्या बाईचं नाव छापलं जातंय."

"ठाऊक आहे मला."

"तिचं लग्न मोडलं, तेही ठाऊक होतं?"

"तेव्हा मी काय म्हटलं, सांगू? शिकलेल्या मुलींचं असंच व्हायचं, म्हटलं. शेजारणीला म्हटलं. इथेच बसून." त्यांनी वहीवर तळहात ठेवला. "आणि वही नेली तेव्हा मला कळत होतं, की चोर म्हणून तिचंच नाव निघणार. मी तुम्हाला सांगितलंसुद्धा, ती आली होती म्हणून. मला सगळं कळत होतं, भावजी."

त्यांनी हात काढायला बराच वेळ घेतला. दिघ्यांनी तो मोजला नाही.

इतिहास — प्रूफ. २.४५

सोमवारी दिघे, विद्याधर आणि वनमालाबाई त्या अभ्यासिकेत बसले. विद्याधरने वही उघडली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. बैठक एकवीस ते चौतीस: ८ जुलै ते २ ऑगस्ट १९२९. प्रयोगार्थीच्या रकान्यात वेगळ्या शाईने, नंतर घातलेलं एक अक्षर.

"मी हे पाहिलं होतं," तो हळू म्हणाला. "शाई वेगळी आहे, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, दौत बदलली असेल."

"तुला बाई हवी होती," दिघे म्हणाले.

"पण काका, स्मृतिग्रंथात काय छापू? सरांनी लबाडी केली म्हणून? आणि माझी अकरा पानं? मी व.च्या मनाचा एकेक पदर उलगडलाय. अपराधाची भावना, तिचं दडपण, तिचं मौन. सगळं आकड्यांतून सिद्ध होतंय."

"सगळं खरं असेल. मन दुसऱ्याचं आहे, एवढंच."

विद्याधर वनमालाबाईंकडे वळला. पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे बघत होता. "बाई, नाव काढतो. पुन्हा अक्षरच ठेवतो. चालेल?"

"नाही चालणार," वनमालाबाई म्हणाल्या. "तेच तर चाललं इतकी वर्षं. लबाडी वगैरे लिहू नका. त्या चौदा बैठकांना खुर्चीत कोण होतं, तेवढं लिहा. नावानिशी."

"हे वहिनींनी ठरवायचं," विद्याधर म्हणाला.

रत्नप्रभाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. "लिही," त्या म्हणाल्या. "आणि शब्द का निवडले, तेही लिही. त्याला नाव होतं. नंदू म्हणायचो. नंदकुमार." मग वनमालाबाईंना म्हणाल्या, "मी तुझी माफी मागत नाही गं. मागण्याजोगी राहिले नाही. पानाचा फोटो काढून झाला की वही मला परत मिळू दे. मिळेल?"

वनमालाबाईंनी वही आपल्याकडे ओढली आणि तारखांवरून बोट फिरवत गेल्या, ८ जुलैपासून २ ऑगस्टपर्यंत. बोट थांबलं. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलीचा व्हावा तसा झाला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "या तारखा?"

मग त्यांनी वही मिटली, पिवळ्या फडक्यात नीट बांधली आणि उठून रत्नप्रभाबाईंच्या हातात नेऊन दिली. विद्याधरने पेन्सिल घेतली. पहिली रेघ मारायच्या आधी तो थांबला, मग अकराच्या अकरा पानांवर ती मारत गेला.

१९२९च्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेरीने, वनमाला सामंत बहिणीच्या बाळंतपणासाठी वेंगुर्ल्याला गेली आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने, ऑगस्टच्या अखेरीला, मुंबईला परत आली.